झान सामारीचें हास्य

नटीची कला मोठी अल्पायुषी. कवीचें काव्य मागें राहतें, शिल्पकाराची मूर्ति राहते; नटीचा स्वर मात्र पडद्याबरोबर मिटून जातो. तरीहि पॅरिसच्या एका नटीचें हास्य आज आपणांस पाहावयास मिळतें, तें एका चित्रकाराच्या कृपेनें.

झान सामारी हिचा जन्म १८५७ सालचा. तिची आजी व मावश्या फ्रेंच रंगभूमीवर गाजलेल्या होत्या. १८७५ सालीं ‘कॉमेदी फ्रांसेज’ या राष्ट्रीय नाट्यगृहांत मोलिएरच्या ‘तार्त्यूफ’ नाटकांतील दोरीन दासीच्या भूमिकेंत तिनें पदार्पण केलें. धन्याला तोंडावर सुनावणाऱ्या चतुर दासी हा तिचा हातखंडा, आणि मोकळें हास्य ही तिची ख्याति.

रेन्वारनें १८७७ सालीं तिचें अर्धचित्र इंप्रेशनिस्ट मंडळींच्या तिसऱ्या प्रदर्शनांत मांडलें. त्यांत दासीचा वेष नाहीं, रंगमंचहि नाहीं. हनुवटीला हाताचा आधार देऊन एक तरुणी आपल्याकडे पाहत आहे. मागें सर्वत्र गुलाबी रंग, अंगांत हिरवट निळा पोषाख. ठळक बाह्यरेषा कोठेंच नाहीं. ओठ किंचित् विलग झालेले. हसूं आतां फुटेल असें वाटतें. क्षणभर टिकणारा प्रकाश टिपूं पाहणाऱ्या या पंथास क्षणभर टिकणाऱ्या कलेची उपासक भेटली, हा योग खरोखर विलक्षण होय.

पुढें रेन्वारनें तिचें पूर्णाकृति चित्र काढलें. तें १८७९ च्या ‘सालों’ या सरकारमान्य प्रदर्शनांत लागलें; पण गैरसोयीच्या जागीं. त्याच प्रदर्शनांत रेन्वारनेंच काढलेल्या, प्रकाशक शार्पांतिए यांच्या पत्नीच्या चित्रास मानाची जागा मिळाली. प्रतिष्ठित घराण्याचें वजन नटीच्या लौकिकास कोठून असणार?

सामारी १८९० सालीं विषमज्वरानें वारली. वय अवघें ३३. एडिसननें फोनोग्राफ सिद्ध केला तो १८७७ सालींच, म्हणजे अर्धचित्राच्याच वर्षीं. परंतु तें यंत्र रंगभूमीच्या उपयोगीं पडेपर्यंत ती राहिली नाहीं. पुढें मोरोझोव्ह बंधूंच्या संग्रहांतून दोन्ही चित्रें रशियाच्या मालकीचीं झालीं. अर्धचित्र मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयांत आहे, पूर्णाकृति सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमध्यें.

ज्या प्रेक्षागृहांत तिच्या हास्यास टाळ्या पडल्या, तेथील प्रेक्षक केव्हांच काळाच्या पडद्याआड गेले. मात्र त्या चित्रासमोर उभा राहणारा प्रत्येक जण अजूनहि क्षणभर थांबतो, आणि ती आतां हंसेल म्हणून वाट पाहतो.