बिडाची तबकडी

जुन्या मोटारीचे पुढचे चाक काढून, कॅलिपरचे बोल्ट सैल करून, गंजाने हबला घट्ट धरून बसलेली ब्रेकची तबकडी कारागीर जेव्हा हातोडीच्या जपून मारलेल्या घावांनी मोकळी करतो, तेव्हा त्याच्या हाती जी बिडाची चकती येते, तिच्या बाहेरच्या काठावर न घासलेल्या धातूची एक उभी कड राहिलेली असते. ती कड आणि आतला खोलगट झालेला भाग यांतील अंतर म्हणजे त्या गाडीने आजवर आवरलेल्या वेगाचा जमाखर्चच होय.

वेग आवरण्याची विवंचना मोटारीहून फार जुनी आहे. १८३० साली, गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या अंमलात, बोरघाटाची वाट चाकांना खुली झाली, आणि भरल्या गाडीचा भार बैलांच्या मानेवर येऊ न देता ती उतरवण्याचे अवघड काम गाडीवानांच्या वाट्याला आले. गाडी थांबली की चाकाखाली धोंड्याची उटी लावण्याची त्यांची वहिवाट आजही घाटात बंद पडलेल्या ट्रकमागे दृष्टीस पडते. इंग्लंडातील डर्बीशर परगण्याच्या डोंगराळ रस्त्यांवर गाडीवान लाकडी ब्रेकला जुन्या बुटाचे चामडे ठोकत, आणि ते पाहूनच हर्बर्ट फ्रूड या गृहस्थाला घर्षणासाठी स्वतंत्र पदार्थ बनवण्याची कल्पना सुचली, असे सांगतात. त्याने आपल्या आडनावाच्या अक्षरांत पत्नी एलिझाबेथ हिचे आद्याक्षर मिसळून ‘फेरोडो’ हे नाव सिद्ध केले.

बर्मिंगहॅमचा प्रतिभाशाली अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याने १९०२ साली तबकडीच्या ब्रेकचे पेटंट घेतले. चाकाबरोबर फिरणारी पातळ धातूची चकती दोन्ही बाजूंनी चिमटीत धरावी, इतकी सरळ ती योजना होती. परंतु चिमटीला लावलेले तांबे चकतीवर घासले की कर्णकर्कश किंकाळी उठे, आणि त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांवर ते तांबे लवकर झिजून जाई. फ्रूडच्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या अस्तराने पुढे हा आवाज शमवला खरा, पण त्याच तंतूंच्या धुळीने नंतरच्या काळात अनेक कामगारांची फुप्फुसे निकामी केली, आणि ब्रिटनमध्ये त्यावर संपूर्ण बंदी येण्यास १९९९ साल उजाडावे लागले, ही गोष्ट या इतिहासातून वगळणे मला अन्यायाचे वाटते.

मधल्या अर्धशतकात राज्य केले ते ड्रम ब्रेकने. एक हजार किलो वजनाची मोटार ताशी ८० किलोमीटर वेगावरून थांबते तेव्हा एक लिटर पाण्याचे तापमान सुमारे ५९ अंशांनी वाढवील इतकी उष्णता ब्रेकमध्ये उत्पन्न होते. बंदिस्त ड्रम तापला की प्रसरण पावून, त्याला आतून दाबणाऱ्या शूपासून दूर सरतो, अस्तराची पकड मंदावते, आणि चालकाचा पाय खोल जात असतानाही गाडी पुढे धावत राहते. तबकडी उघड्या वाऱ्यात फिरते, आणि तापून फुगली तरी पॅडच्याच दिशेने फुगते.

विमानांच्या चाकांसाठी सिद्ध झालेली ही विद्या डनलॉप कंपनीने जॅग्वारच्या शर्यतीच्या मोटारींना दिली. १९५३ साली फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांच्या शर्यतीत, मुल्साँच्या लांबलचक सरळ रस्त्याच्या टोकाला इतर चालक ड्रमच्या धास्तीने आधीच वेग उतरवीत असता, टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांची गाडी मागाहून ब्रेक दाबून, फेरीमागून फेरी, तितक्याच भरवशाने वळण घेत राहिली. आणि त्या शर्यतीची सरासरी प्रथमच ताशी शंभर मैलांच्या पुढे गेली. दोनच वर्षांनी सित्रोएनने आपल्या डीएस मोटारीच्या पुढच्या चाकांना तबकड्या बसवल्या. पुढच्याच चाकांना, कारण ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढे झुकतो आणि थांबवण्याचे बहुतांश काम तीच चाके करतात.

आपल्याकडे कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी फियाट आणि तिच्यामागून आलेली पद्मिनी अनेक वर्षे ड्रमवरच चालली, आणि त्यामुळे शूला रिव्हेट मारून नवे लायनिंग बसवणारे व ड्रम लेथवर घासून गोल करणारे कारागीर पेठापेठांतून पोसले गेले. तबकडीने त्यांचे काम पुष्कळ कमी केले, तरी कौशल्य संपवले नाही. तबकडीवर कोरलेल्या किमान जाडीशी मायक्रोमीटर ताडून पाहणे, ती त्याखाली उतरली असल्यास डावी-उजवी जोडीनेच बदलणे, हबचा माथा तारेच्या ब्रशने असा घासणे की गंजाचा कणही मागे राहू नये, ही सारी कामे हातालाच करावी लागतात; कारण त्या एका कणाने नवी तबकडी किंचित वाकडी फिरते आणि ब्रेक दाबताच स्टिअरिंग थरथरू लागते. नंतर नव्या चकतीवरील संरक्षक तेल पुसायचे, पॅड नवे घालायचे, आणि काही किलोमीटर हळूहळू ब्रेक दाबीत दोघांची ओळख करून द्यायची.

उतरवलेली तबकडी भंगाराच्या गोणीत जाते. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या ओतशाळांत मोटारींचे बिडाचे भाग ओतले जातात, आणि ओतशाळेच्या भट्टीला असे भंगार नेहमीच हवे असते.