पोलारी
‘पोलारी’ हे नाव ‘बोलणे’ या अर्थाच्या ‘पार्लारे’ या इटालियन क्रियापदाशी जोडले जाते. समलिंगी संबंध गुन्हा ठरत असलेल्या काळातील ब्रिटनमध्ये नाटकमंडळी, खलाशी आणि समलिंगी पुरुष यांच्यात ही सांकेतिक बोली चाले. व्याकरण इंग्रजीचे, शब्द मात्र उसने किंवा उलटवलेले: ‘बोना’ म्हणजे छान, ‘ओमी’ म्हणजे पुरुष, तर ‘हेअर’ची इंग्रजी अक्षरे उलट्या क्रमाने वाचून केसांना ‘राया’ (लावणीतल्या रायाशी याचे नाते नाही). १९६५ पासून बीबीसी रेडिओच्या ‘राउंड द हॉर्न’ या विनोदी कार्यक्रमातील ज्युलियन आणि सँडी या पात्रांनी हे गुपित घरोघरी पोचवले आणि १९६७ मध्ये इंग्लंड-वेल्सचा कायदा सैल झाल्यावर आडपडद्याची निकडही ओसरली, तरी डेव्हिड बोवीच्या २०१६ च्या अखेरच्या अल्बममध्ये पोलारी पुन्हा ऐकू येते.