लष्कर कधी बोलावता येते? कायदा काय सांगतो

जयंतीच्या किंवा निवडणुकीच्या बंदोबस्ताला बंदूकधारी तुकडी आली की आमच्या जानेफळ-मेहकर भागात लोक सहज म्हणतात, "मिलिटरी लावली." बहुतेक वेळा ती मिलिटरी नसते. राज्य राखीव पोलीस दल (एसआरपीएफ) हे राज्याचे पोलीस, सीआरपीएफ हे केंद्रीय गृह मंत्रालयाचे सशस्त्र पोलीस दल, तर लष्कर संरक्षण मंत्रालयाकडे. हा फरक समजला नाही, तर अन्याय झाल्यावर दाद कोणाकडे मागायची हेच कळत नाही.

संविधानातील तरतूद

अमेरिकेत १८७८ पासून लष्कराला पोलिसी कामापासून दूर ठेवणारा स्वतंत्र कायदा आहे. आपल्याकडे तसा एकच कायदा नाही. मर्यादा वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. सातव्या अनुसूचीनुसार सार्वजनिक सुव्यवस्था हा राज्याचा विषय आहे, पण त्यातून लष्कराचा वापर वगळला आहे. संघसूचीतील नोंद २क (४२वी घटनादुरुस्ती, १९७६) नुसार नागरी सत्तेच्या मदतीसाठी सेना तैनात करण्याचा विषय केंद्राकडे आहे. यातला "मदतीसाठी" हा शब्द महत्त्वाचा. नागा पीपल्स मूव्हमेंट ऑफ ह्यूमन राइट्स खटल्यात (१९९७) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की सेना नागरी सत्तेची जागा घेऊ शकत नाही.

जमाव पांगवताना

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची कलमे १४८ ते १५१ येथे लागू होतात. आधी पोलीस प्रयत्न करतात. जमाव अन्य मार्गाने पांगत नसेल आणि सुरक्षिततेसाठी गरज असेल, तरच जिल्हादंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेले, तेथे हजर असलेले कार्यकारी दंडाधिकारी सशस्त्र दलाची मदत घेऊ शकतात. बळ कमीत कमी वापरायचे आणि इजाही कमीत कमी करायची, हे कलम १४९ मध्येच लिहिले आहे. दंडाधिकाऱ्यांशी संपर्कच होत नसेल आणि धोका उघड असेल, तर लष्करी अधिकारी स्वतः कारवाई करू शकतो. पण संपर्क होताच त्याने दंडाधिकाऱ्यांचे ऐकले पाहिजे.

मात्र कलम १५१ मुळे अशा कारवाईबद्दल सैनिकावर खटला भरायला केंद्र सरकारची, तर पोलिसांवर भरायला राज्य सरकारची मंजुरी लागते. म्हणून आदेश कोणी दिला याची नोंद असणे फार मोलाचे.

रमाबाई नगरचा धडा

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेविरुद्ध जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. दहा जण मारले गेले. गोळीबार लष्कराने नव्हे, एसआरपीएफने केला. म्हणजे जबाबदारी राज्याची होती. गुंडेवार आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरवला आणि २००९ मध्ये सत्र न्यायालयाने तुकडीच्या अधिकाऱ्याला जन्मठेप सुनावली. दल कोणते आणि आदेश कोणाचा, हे ठरल्याशिवाय खटला उभा राहत नाही.

आपत्ती आणि इतर कामे

किल्लारीचा भूकंप (१९९३) असो वा सांगली-कोल्हापूरचा महापूर (२०१९), लष्कर मदतीला आले. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ केंद्राला त्यासाठी सेना पाठवण्याची मुभा देतो. जिल्हा प्राधिकरणाचे प्रमुख मात्र जिल्हाधिकारीच असतात. अत्यावश्यक सेवा ठप्प झाल्यास १९४७ च्या सशस्त्र सेना (आणीबाणीची कर्तव्ये) कायद्याखाली केंद्र अधिसूचना काढून जवानांना त्या कामावर लावू शकते.

खरा वाद रोजच्या नागरी कामांचा आहे. २९ सप्टेंबर २०१७ च्या एल्फिन्स्टन रोड चेंगराचेंगरीत २३ जण गेल्यावर तिथला पादचारी पूल लष्कराकडून बांधून घेतला गेला. फेब्रुवारी २०१८ मध्ये तो खुला झाला. पूल लवकर झाला हे चांगलेच. पण तो वेळेत बांधणे हे रेल्वेचे काम होते. प्रत्येक वेळी जवान धावून आले, तर ज्यांनी काम केले नाही त्यांना जाब कोण विचारणार, असे आम्हाला वाटते.

कार्यकर्त्यांनी काय विचारावे

दल कोणते? मागणी कोणी केली? जागेवर दंडाधिकारी कोण होते? आदेश लेखी आहे का? हे प्रश्न माहितीच्या अधिकारात जिल्हाधिकारी कार्यालयाला विचारता येतात. अर्ज लवकर करावा आणि पोचपावती जपून ठेवावी.