पुठ्ठ्यातली सुई

अमेरिकेतील दुग्धव्यवसायात होल्स्टीन जातीच्या नर वासरांना दुधाच्या हिशेबात स्थान नसल्यामुळे, आणि भाकड गाईंचीही अखेर कसाईखान्यातच होत असल्यामुळे, गोठ्यात टोचलेल्या सुईचा जाब मांसाच्या बाजारात द्यावा लागतो, हे तेथील गोपालकांच्या पुरते ध्यानी येण्यास विसाव्या शतकाचे अखेरचे दशक उजाडावे लागले. तोवर शिरस्ता सोयीचा होता: दोहनगृहात ओळीने उभ्या राहिलेल्या गाईचा मागचा भागच माणसाच्या हाती येई, म्हणून लस असो वा औषध, सुई पुठ्ठ्यातच जाई.

1991 सालच्या पहिल्या राष्ट्रीय गोमांस गुणवत्ता तपासणीने ही कसूर दप्तरी आणली. तांबड्या स्नायूतून सहज चाललेली खाटकाची सुरी एकाएकी पांढुरक्या, चिवट गाठीवर अडे, क्वचित तीतून पू निघे, आणि उत्तम मांसाचा तेवढा भाग कापून टाकावा लागे. त्याहून गंभीर गोष्ट कोलोरॅडोतील संशोधकांनी पुढे आणली: वासरपणी टोचलेल्या सुईचा व्रण कत्तलीपर्यंत टिकतो, आणि त्याच्याभोवतीचे सुमारे साडेसात सेंटिमीटरपर्यंतचे, दिसण्यात निर्दोष असलेले मांसही निबर होते. घेणाऱ्याची यात उघड फसगत होती.

मग दंडक ठरले: सुई मानेत द्यावी, शक्य तेथे कातडीखाली द्यावी, एका जागी 10 मिलिलिटरहून अधिक औषध घालू नये, आणि वासरू आरडाओरडा न करता नीट आवरून धरावे, कारण धडपडणाऱ्या जनावराच्या अंगात सुई वाकते, मोडते. मांसासाठी पोसलेल्या जनावरांतील व्रण त्यानंतर झपाट्याने घटले. दुभत्या गाईंच्या मांड्यांत मात्र ते अधिक काळ रेंगाळले, कारण दोहनगृहाची रचना तीच राहिली होती.