चिखलीची यादी

तुझ्या पिशवीत पाठ टाचणाची वही आहे, रंगीत खडू आहेत, पेनड्राइव्ह आहे आणि आईनं फडक्यात बांधून दिलेली भाकरी आहे. डी.एल.एड.चं दुसरं वर्ष. उद्या चौथीवर सराव पाठ, घटक नदी, आणि प्रोजेक्टर वापरायचाच अशी सूचना. पंचगंगेचा एक छान व्हिडिओ तू शोधून ठेवलायस. कोल्हापूरच्या के.एम.टी. बसमध्ये खिडकीशी बसून तोच पुन्हा बघतेस. शिवाजी पूल मागे पडतो, दोन्ही अंगांना उभा ऊस लागतो, तुझा डोळा लागतो.

"चिखली! उतरा बाई."

पायाखाली डांबर नाही. धूळ आहे, बैलगाडीच्या चाकोऱ्या आहेत. साल 1918, मार्च महिना. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी ज्या प्रयागापाशी एकत्र येतात तो जवळच आहे, म्हणून हवेला नदीचा वास आहे. गावात आज गडबड आहे. शाहू महाराजांनी गेल्या वर्षी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि त्या कायद्याखालची पहिली शाळा इथं उघडते आहे.

तू शाळा बघायला पुढं होतेस, पण तुझी नजर अडकते ती एका माणसाच्या मांडीवरच्या कागदावर. बोरू दौतीत बुडवून तो घरोघरची नावं उतरवतोय. कुणाच्या घरी शाळेच्या वयाची किती पोरं, त्यातली किती शाळेत, किती गुरांमागं.

"पोरगं शाळंत बसलं तर म्हसरं कुणी राखायची?" एक बाई विचारते.

प्रश्न खोटा नाही. मुलाला घरी ठेवलं तर महिन्याला एक रुपया दंड, आणि त्या काळी रुपया म्हणजे लहान रक्कम नव्हे. तरी लिहिणारा थांबत नाही. अस्पृश्यांच्या मुलांसाठी अजून वेगळी शाळा आहे. पुढच्या वर्षी, 1919 मध्ये, महाराज तसल्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एकाच शाळेत बसवणार आहेत. म्हणजे ही यादी अजून अपुरीच आहे. तू ती वाकून बघतेस. वर्गात पहिलं काय आणायचं याचं इतकं साधं उत्तर तुला आजवर कुणी दिलेलं नव्हतं.

तिथून तू कोल्हापुरात येतेस ते एका लेथच्या आवाजानं. बाबूराव पेंटर आणि त्यांचे सोबती इथं सिनेमाचा कॅमेरा घडवताहेत. तो आयता विकत मिळेल म्हणून ते थांबलेले नाहीत. पितळेचा कीस जमिनीवर पडलाय. एक दातेरी चाक कुणीतरी उजेडात धरून पुन्हा पुन्हा फिरवतंय. फिल्मच्या एका चौकटीला चार भोकं असतात, त्यांत हे दात नेमके बसायला हवेत. केसभर इकडंतिकडं झालं की पडद्यावरचं माणूस थरथरणार. चाक परत लेथवर चढतं, परत उतरतं. याच खटपटीतून 1920 मध्ये 'सैरंध्री' लोकांपुढं येईल.

तू बराच वेळ तिथं उभी राहतेस. प्रोजेक्टरचं झाकण तू कधी उघडलेलं नाहीस. भिंग कसं पुसायचं, आवाज येत नसेल तर कुठली वायर बघायची, हे तुला ठाऊक नाही. तुला फक्त बटण दाखवलं गेलं. मला ही गोष्ट फार टोचते. ज्या गावानं कॅमेरा स्वतःच्या हातांनी घडवला, त्या गावच्या होणाऱ्या बाईंना यंत्र हाताळायची भीती का वाटावी?

पुढची वर्षं भराभर जातात. 1984 मध्ये पुण्यात बालचित्रवाणी सुरू होते, मुलांसाठीचे कार्यक्रम टीव्हीवर येऊ लागतात. एका शाळेत तू डोकावतेस. टीव्हीवर भरतकामाचं फडकं घातलंय, कपाटाची किल्ली दुसऱ्याच कुणाच्या खिशात. संच लागतो तेव्हाही शेवटच्या ओळीतली चिमुरडी गुडघ्यांवर उभी राहून माना ताणताहेत, आणि कुणी मागं वळून बघत नाही.

मग सोलापूर जिल्ह्यातलं परितेवाडी. रणजितसिंह डिसले गुरुजींच्या हातात पाठ्यपुस्तक आहे आणि त्यावर क्यूआर कोड चिकटवलेत. 2020 मध्ये या कामाला दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटली, हे तुला पाठ आहे. पण इथं जवळून बघितल्यावर कळतं की सुरुवात कोडपासून झालेली नाही. पुस्तकाची भाषा पोरांना आपली वाटत नाही, हे आधी ओळखलं गेलं. मग मजकूर त्यांच्या भाषेत आला. कोड त्याच्यानंतरचा.

बस गचका देते. तू जागी होतेस. जानेवारीची सकाळ, आणि शाळा समोर.

पाठाला अजून एक दिवस आहे. तू टाचण वहीचं शेवटचं पान उघडून रकाने पाडतेस : नाव, फोन कुणाचा, घरी किती वाजता येतो. मधल्या सुट्टीत मुलं तुझ्याभोवती गोळा होतात.

"बाबांचा हाय. बाबा शिरोलीला फाउंड्रीत. रातपाळी."

"आमचा दादा न्हेतोय कॉलेजला."

"मी आज्जीचा घेतो, पण त्यात व्हिडू लागत न्हाई," एक मुलगी सांगते, कोल्हापुरी पोरी बोलतात तसं, 'घेतो' म्हणत.

बत्तीस नावं होतात. हजेरीतही बत्तीसच. पान मिटता मिटता तुला कुंपणापलीकडच्या फडात एक मुलगी दिसते. कडेवर लहान भाऊ, हातात उसाचं कांडं. पलीकडं कोयत्यांचा आवाज आणि पाचटाच्या खोपी. ती वर्गाच्या खिडकीकडंच बघतेय.

तू तारेखालून वाकून पलीकडं जातेस.

"कुठल्या गं तुम्ही?"

"बीडच्या."

"शाळेत जात होतीस?"

"तिकडं, तिसरीला."

तू तिचं नाव विचारतेस आणि तेहेतिसाव्या ओळीत ते लिहितेस. फोनच्या रकान्याशी पेन थांबतं. ती पानावर वाकून बघते आणि तुझ्या आधीच सांगते, "मुकादमाचा हाय. पर तो देत नाय."

तू तेही लिहितेस, आणि उद्याच्या टाचणात 'व्हिडिओ' या शब्दापुढं जागा सोडून विचारतेस, "तुमच्या गावाकडं नदी कुठली?"