पाणी सोडून निघालेल्या होड्या

नावाडी आणि त्याचे पाणी यांची गाठ बहुधा जन्माची असते. खाडीतली होडी खाडीत आणि सरोवरातली सरोवरात राहावयाची, असाच क्रम जगात सर्वत्र चालत आला आहे. त्यामुळे एकाच छंदाचे पन्नास लोक पन्नास पाण्यांवर राहत असले, तर ते लोक एकमेकांस भेटू शकतात, पण त्यांच्या होड्या भेटू शकत नाहीत. गवयांनी आपापले तंबोरे घरी ठेवून मैफलीस जमावे, तसा तो प्रकार होय. मोठ्या गलबतांच्या धन्यांपुढे ही अडचण नव्हती. समुद्र एकच असल्यामुळे त्यांची गलबते कोणत्याही बंदरास लागत. अडचण होती ती लहानशी होडी बाळगणाऱ्या, बेताच्या मिळकतीच्या माणसाची. आज यूरोप-अमेरिकेत अशी माणसे मोटारीमागे जोडलेल्या चाकांच्या गाड्यावर, म्हणजे ट्रेलरवर, शिडाची होडी चढवून शेकडो मैल दूरच्या पाण्यावर जमतात, आठ-दहा दिवस तंबूत राहतात आणि होडीसह घरी परततात. हा थाट मोटारीच्या युगातला वाटतो खरा. परंतु त्याचे मूळ आगगाडीच्या सामानाच्या डब्यात आहे. इतकेच नव्हे, तर असे मेळावे ज्या प्रश्नांवर आजही जमतात किंवा मोडतात, ते बहुतेक सारे 1880 नंतरच्या दहा-बारा वर्षांत एकदा उभे राहून गेलेले आहेत.

या कथेचा आरंभ जॉन मॅकग्रेगर या लंडनच्या बॅरिस्टरापासून करावयाचा. या गृहस्थाचे पाण्याशी नाते पाळण्यातच जुळले होते. त्याचे वडील लष्करात होते व त्यांची पलटण 1825 साली 'केंट' नावाच्या जहाजातून हिंदुस्थानाकडे निघाली होती. बिस्केच्या उपसागरात जहाजाला आग लागली. त्यातून जे वाचले त्यांत पाच आठवड्यांचे हे मूलही होते. चाळिसाव्या वर्षी, म्हणजे 1865 साली, त्याने लॅम्बेथ येथील सर्ल यांच्या कारखान्यात 'रॉब रॉय' नावाची कॅनो बांधून घेतली. कॅनो म्हणजे दोन्ही टोकांस निमुळती, एकट्याने दुपाती वल्ह्याने चालवावयाची चिंचोळी होडी. मॅकग्रेगरची होडी पंधरा फूट लांब व अठ्ठावीस इंच रुंद होती. तिला लहानशी डोलकाठी व शीड होते, आणि तिचे वजन अवघे ऐंशी पौंड, म्हणजे आपल्याकडील जुन्या मापाने जवळजवळ एक मण भरे. या एका मणात पुढच्या सगळ्या इतिहासाचे बीज आहे. मणभर ओझे दोन हमाल उचलतात, बैलगाडीवर ते सहज चढते, आणि स्टेशनमास्तराची मर्जी असेल तर सामानाच्या डब्यातही जाते. मॅकग्रेगरने तेच केले. जर्मनी, स्वित्झर्लंड व फ्रान्स या देशांतील नद्या व सरोवरे त्याने एकाच उन्हाळ्यात पाहिली; आणि दोन पाण्यांच्या मध्ये जेथे डोंगर आला तेथे होडी गाडीवर घातली. फ्रायबुर्गहून ब्लॅक फॉरेस्टच्या चढणीवरून टिटिझे सरोवराकडे गाडीवर बसून निघालेली ती होडी पाहून गावकऱ्यांस काय वाटले असेल, याची कल्पनाच करावी! दुसऱ्या वर्षी प्रसिद्ध झालेले त्याचे प्रवासवर्णन इतके खपले की, त्यातील वर्णनाबरहुकूम होड्या बांधवून घेण्याची इंग्लंडात एक लाटच आली. आर. एल. स्टीव्हन्सनसारखा लेखक 1876 साली बेल्जम-फ्रान्सच्या कालव्यांतून शीड लावलेल्या कॅनोतून भटकला, तो याच लाटेवर.

मॅकग्रेगरने 1866 साली टेम्सकाठी रिचमंड येथे कॅनो क्लब स्थापला, व पुढे त्यास 'रॉयल' ही पदवीही मिळाली. पण हा क्लब लंडनकरांचा होता. त्यांची नदी एकच आणि गाठीभेटी जेवणाच्या टेबलावर. दूरदूरच्या पाण्यांवर एकेकटे भटकणारे लोक वर्षातून एकदा होडीसकट एकत्र यावेत, ही कल्पना प्रत्यक्षात आणली ती अमेरिकेने, आणि तेथे तिला चालनाही भूगोलानेच दिली. त्या देशात सरोवरे असंख्य, लोहमार्गांचे जाळे दाट, आणि छंदी माणसे मात्र शेकडो मैलांवर विखुरलेली. न्यूयॉर्कमध्ये पत्रकार विल्यम ऑल्डन याने 1871 साली एक क्लब काढला होता. परंतु बाकीच्यांस एकमेकांची ओळख होती ती केवळ नियतकालिकांतील पत्रांवरून.

या विखुरलेल्यांस हाक घातली नॅथॅनियल बिशप याने. हा मनुष्य कागदाच्या होडीतून अमेरिकेचा पूर्व किनारा उतरलेला. येथे कागद म्हणजे थरावर थर चिकटवून घट्ट केलेला व रोगण चढविलेला पुठ्ठा. वाचकांनी मुलांच्या पावसाळी होडीची आठवण करू नये. 1874-75 सालच्या त्या प्रवासावरील त्याचे पुस्तक छंदी मंडळीत घरोघर पोहोचले होते, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन होते. बिशप लेक जॉर्ज या सरोवराच्या काठी राहत असे. 1880 च्या ऑगस्टमध्ये तेथे दोन डझनांच्या आसपास मंडळी जमली आणि 'अमेरिकन कॅनो असोसिएशन' ही संस्था जन्मास आली. ऑल्डन तिचा पहिला कमोडोर झाला. संस्थेच्या उद्देशांत शर्यती होत्याच. पण त्यांच्या बरोबरीने मुक्काम, जलमार्गांच्या नोंदी, प्रवासाची टिपणे, होड्यांचे आराखडे व मापे, नकाशे व पुस्तके यांचा संग्रह ही कामेही आवर्जून घातलेली होती. मला या संस्थेच्या इतिहासातील सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच वाटते. कोणाची होडी वेगवान, यापेक्षा कोणाला कोणते पाणी ठाऊक आहे, याला येथे आरंभी अधिक किंमत होती.

मेळावा भरवावयाचा म्हणजे काय करावयाचे, हे या मंडळीस कोणी शिकविलेले नव्हते. पहिला प्रश्न जागेचा. जागा अशी हवी की, तेथवर आगगाडी किंवा निदान आगबोट जाते, आणि तरीही ती इतकी एकान्तात हवी की, तंबू ठोकल्यावर आपण घर सोडून आलो असे वाटावे. या दोन अपेक्षा एकमेकींच्या वैरिणी आहेत. 1883 साली मेळावा कॅनडातील स्टोनी लेक या सरोवरावर गेला. लेकफील्डपर्यंत आगगाडी व पुढे आगबोट, असा तो रस्ता होता. लांबच्या सभासदांनी कुरकुर केली असल्यास नवल नाही. परंतु त्याच मेळाव्यात बंद वरफळीच्या शिडाच्या कॅनो आणि कॅनडातील उघड्या, एकपाती वल्ह्याने चालणाऱ्या कॅनो प्रथमच मोठ्या संख्येने शेजारी शेजारी लागल्या, आणि दोन्हीकडच्यांनी एकमेकांची कारागिरी टोकून पाहिली. पुढे 1884 पासून सलग तीन वर्षे सेंट लॉरेन्स नदीतील ग्राइंडस्टोन बेट मुक्रर झाले. न्यूयॉर्क राज्यातील क्लेटन या गावी आगगाडी थांबे, तेथून आगबोट बेटावर नेई. हे ठिकाण दोन्ही देशांच्या हद्दीवर असल्यामुळे कोणाचीही तक्रार राहिली नाही. जागा निवडण्याच्या कामी पंचांगापेक्षा आगगाडीचे वेळापत्रक अधिक उपयोगी पडते, हे संस्थेस चौथ्या-पाचव्या वर्षीच उमगले.

बेटावर एक गावच वसे. राहुट्यांच्या ओळी, प्रत्येक होडीवर धन्याचे निराळे चिन्ह असलेले निशाण, रात्री शेकोटी आणि शेकोटीभोवती गाणी. स्त्रियांची छावणी थोड्या अंतरावर निराळी असे. घटनेत सभासदत्व 'सद्गृहस्थां'स होते, त्यांत गृहिणींची गणना नव्हती. स्वातंत्र्याच्या गोष्टी सांगणाऱ्या त्या समाजाची ही मर्यादा येथे नमूद केली पाहिजे. शर्यतींचे प्रकारही मोठे गमतीचे होते. काही अंतर शिडाने व काही वल्ह्याने कापावयाची एक. भर पाण्यात होडी मुद्दाम उलटवून, सावरून पुन्हा चालवावयाची दुसरी. धावत येऊन, पोहत जाऊन होडी गाठावयाची तिसरी. त्यांत हसे कोणाचेही होई, आणि बक्षीस अशा माणसास मिळे की ज्याला होडीचे सर्व अंगांनी ज्ञान आहे.

1886 चे वर्ष मात्र निराळे उगवले. त्या वर्षी इंग्लंडहून रॉयल कॅनो क्लबचे दोन नामांकित शिडकरी आव्हान घेऊन आले. एक वॉल्टर स्ट्यूअर्ट, त्याची होडी 'पर्ल'. दुसरा वॉरिंग्टन बेडन-पॉवेल, त्याची 'नॉटिलस'. ज्या बेडन-पॉवेलने पुढे बालवीर चळवळ काढली, त्याचा हा थोरला भाऊ. इंग्रजांच्या होड्या वजनदार होत्या. तळाशी शिशाचे नीरम घातलेले, आणि चालविणारा आत खाली बसलेला. अमेरिकन होड्या हलक्या. त्यांचे धनी नीरमाऐवजी स्वतःच्या देहाचा उपयोग करीत आणि वरफळीच्या काठावर बसून वाऱ्याच्या बाजूस झुकत. ग्राइंडस्टोनच्या मुख्य शर्यतीत रॉबर्ट गिब्सनची 'व्हेस्पर' पहिली आली व बार्नी याची 'पेकाउसिक' दुसरी. त्यानंतर न्यूयॉर्कच्या आंतरराष्ट्रीय चषकासाठी झालेल्या सामन्यातही बोयर व्हॉक्स याच्या 'लॅसी'ने पाहुण्यांस हरविले. जल्लोष झाला, आणि तो व्हावयासच पाहिजे होता.

परंतु त्या विजयात एक बारीकशी गोष्ट दडलेली होती. 'पेकाउसिक'ची शिडे डोलकाठीस कायमची बांधलेली असत. वारा वाढला म्हणून ती गुंडाळून लहान करता येत नसत. वाऱ्याप्रमाणे काठीसकट शीडच बदलावयाचे. किनाऱ्यावर बदली शिडे मांडून ठेवलेली असताना ही युक्ती उत्तम. पण मुक्कामाला चार मैल उरलेले असता अवचित वादळ उठले, तर तिचा काय उपयोग? प्रवास करणाऱ्याला उतरविता येणारे शीड हवे, रात्री पाय पसरण्यापुरती आत जागा हवी, भांडीकुंडी ठेवावयास कोनाडा हवा. शर्यत जिंकणाऱ्याला यांतले काहीच नको. चारच वर्षांत पॉल बटलर याने होडीच्या बाहेर आडवी सरकणारी बैठक प्रचारात आणली. तिच्यावर बसून शिडकरी पाण्यावर चांगलाच बाहेर लोंबकळू लागला, आणि होडीचे पोट जवळजवळ बंद होऊन बसावयास एक बादलीएवढा खळगा उरला. यंत्र म्हणून ही गोष्ट अप्रतिम आहे; त्या बैठकीचे कौतुक मीही करीन. मात्र तिच्यावर बसून कोणी कोठे वस्तीला गेला नाही.

संस्थेने आवर घालण्याचा यत्न केला नाही असे नव्हे. लांबी-रुंदीची मर्यादा होतीच. सोळा फूट आणि तीस इंच हे माप जवळजवळ प्रमाण होऊन बसले. पण मापाने होडीची लांबी बांधता येते, धन्याची हौस बांधता येत नाही. डब्ल्यू. पी. स्टीफन्स हा होडीबांधणीचा जाणता लेखक या यंत्रवजा होड्यांवर त्या काळीच टीका करीत होता. जो मनुष्य वर्षभर कचेरीत राबून, साध्या होडीवर पांघरूण व तवा लादून मेळाव्यास येई, त्याला आता आपण केवळ प्रेक्षक आहोत असे दिसू लागले. नव्वदीनंतर शिडाच्या कॅनोंची संख्या उतरणीस लागली. सायकलीच्या नव्या वेडाने बरीच माणसे ओढली हे खरे. तरी सगळा दोष सायकलीच्या माथी मारणे मला प्रशस्त वाटत नाही. घर नावडते झालेल्यालाच बाहेरची वाट लवकर सापडते.

इंग्लंडातील हल येथे 1883 साली निघालेल्या हंबर यॉल क्लबाची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. तेथील जॉर्ज होम्स आणि त्याचे मित्र यांनी कॅनोला शर्यतीसाठी बारीक न करता मुक्कामासाठी रुंद केले. आगबोटीवर होडी चढवून ते समुद्रापलीकडच्या नद्यांत उतरत, चित्रे काढीत, टिपणे लिहीत. हंबर नदीचे पाणी गढूळ आणि भरती-ओहोटीचे असल्यामुळे त्या शहाण्यांना तसे करणे भाग पडले, असेही म्हणता येईल. त्यांची कॅनो वाढत वाढत लहानशी प्रवासी नौका झाली.

अमेरिकन संस्थेने 1901 साली सेंट लॉरेन्समधीलच शुगर आयलंड विकत घेतले, व 'यंदा कोठे' हा प्रश्न कायमचा निकालात निघाला. सोय झाली; पण दर वर्षी नवे पाणी पाहावयाचे, ही मूळची हौस तिच्याबरोबर मावळली. शिडाची कॅनो शर्यतीत जगली, आणि 1933 साली अफा फॉक्स व रॉजर डी क्विन्सी या इंग्रजांनी अमेरिकेत जाऊन जुन्या पराभवाचे उट्टे काढले.

भटक्यांचा वारसा गेला तो मोटारीकडे. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबंद प्लायवूड व स्वस्त मोटार एकाच सुमारास सामान्य घरांत आली. इयान प्रॉक्टरने 1957 साली आखलेली सोळा फुटी 'वेफेअरर' ट्रेलरवर चढे आणि रात्री तिच्यावर तंबू ताणून आत निजता येई. फ्रँक डाय हा इंग्रज असल्याच उघड्या होडीतून 1963 साली स्कॉटलंडहून आइसलंडला व पुढल्या वर्षी नॉर्वेला गेला. 1963 सालीच एका वृत्तपत्राच्या आश्रयाने निघालेली 'मिरर' ही होडी लोक घरच्या ओसरीत फळ्या तारेने शिवून तयार करू लागले. तिच्या सत्तर हजारांहून अधिक प्रती झाल्या. 1955 साली इंग्लंडात निघालेली डिंगी क्रूझिंग असोसिएशन ही तर लहान होड्यांतून प्रवास करणाऱ्यांचीच संस्था. तिच्या नियतकालिकात सभासद आपापल्या प्रवासाची टिपणे छापतात, म्हणजे लेक जॉर्जच्या उद्देशपत्रातील तेच जुने कलम.

अशा मेळाव्याची आखणी करणारा आज नकाशा पुढे घेऊन बसतो, तेव्हा त्याला प्रथम पाण्यात उतरणारा पक्का उतार शोधावा लागतो. मग तो उतार ओहोटीच्या वेळी चिखलात संपतो की पाण्यात, हे पाहावे लागते. मग रिकामे ट्रेलर कोठे उभे करावयाचे, आणि वारा फिरला तर आडोशाची जागा कोणती, हे ठरवावे लागते. शेवटी तो आलेल्या होड्यांची यादी घेतो, त्यांतली सर्वांत मंद होडी कोणती ते पाहतो, आणि दुसऱ्या दिवशीचा मुक्काम तिला दुपारच्या भरतीत गाठता येईल एवढ्या अंतरावर नेमतो.