तळटीप : स्वर्गातले युद्ध

* स्वर्गातले युद्ध : बायबलच्या ‘प्रकटीकरण’ या शेवटच्या पुस्तकात, १२व्या अध्यायात, मीखाएल आणि त्याचे दूत अजगराशी लढून त्याला पृथ्वीवर लोटून देतात. मूळ मजकूर अगदी मोजक्या वचनांचा. मिल्टनने ‘पॅरडाइज लॉस्ट’च्या (१६६७) सहाव्या सर्गात त्याचा तीन दिवसांचा संग्राम रचला. पहिल्या दिवसानंतरच्या रात्री बंडखोर स्वर्गाच्याच भूमीतून गंधक आणि सोरा खणून काढतात, दुसऱ्या दिवशी तोफा डागतात. देवदूत डोंगर मुळासकट उपटून त्यांच्यावर भिरकावतात. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याच्या शिरच्छेदाचे जाहीर समर्थन केलेल्या कवीने हे लिहिले, हे ध्यानात ठेवावे.

फिलिप पुलमनच्या ‘हिज डार्क मटीरिअल्स’ (१९९५–२०००) या कादंबरीत्रयीचे नावही याच काव्यातले. तिच्यात लॉर्ड अ‍ॅझ्रिएल नव्याने बंड पुकारतो. ज्याच्याविरुद्ध तो उभा राहतो, तो ‘ऑथॉरिटी’ स्वतःला सृष्टिकर्ता म्हणवतो. प्रत्यक्षात तो केवळ पहिला देवदूत. कारभार मेटाट्रॉनच्या हाती, आणि मेटाट्रॉन म्हणजे एकेकाळचा मर्त्य माणूस हनोख. ऐन लढाईत स्फटिकाच्या पालखीत जराजर्जर ऑथॉरिटी भेदरून रडत असतो. लायरा आणि विल ही दोन मुले कळवळून त्याला बाहेर यायला हात देतात आणि वारा लागताच तो विरून जातो. देवहत्येची कादंबरी म्हणून या ग्रंथाला झोडपणाऱ्यांनी हा प्रसंग पुन्हा वाचावा. त्यात करुणाच अधिक आहे. मेटाट्रॉनला मात्र लायराचे आईवडील झटापटीत स्वतःसह अथांग गर्तेत खेचून नेतात.